दुकान वाढवलं आहे

मला 'दर्जेदार' या शब्दाचा राग येतो. 'वाजवी दर' आणि 'तत्पर सेवा' यांचाही येतो. झाशीतल्या निम्म्या दुकानांच्या वेबसाइटवर हे तिघे हातात हात घालून उभे असतात. मी वेबसाइटचा मजकूर लिहून देते, हाच माझा धंदा आहे. लोक येतात आणि म्हणतात, "दीदी, कुछ अच्छा-सा लिख दीजिए." अच्छा-सा म्हणजे काय, असं विचारलं की शेजारच्या दुकानाची वेबसाइट उघडून दाखवतात, आणि तिथे पुन्हा तेच तिघे! मग माझं डोकं फिरतं. डोकं फिरलं की मी प्रश्न विचारते. तुमच्याकडे येणारं एक माणूस सांगा. एकच. ते तुमच्याकडेच का येतं? यावर बहुतेक जण म्हणतात, हमारे यहाँ तो सब आते हैं. सगळ्यांसाठी लिहिलेलं कुणीच वाचत नाही, हे पटवण्यात माझा अर्धा दिवस जातो.

गल्लीतल्या मसाल्याच्या दुकानवाल्या काकूंना मात्र पटवावं लागलं नाही. मी माझं नेहमीचं सुरू केलं, की काकू, एकच माणूस डोळ्यांसमोर आणा. त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"तेच तर सांगते आहे तुला. एकाच माणसानं वाचायला हवंय."

मानिक चौकातून आत वळलं की दोन हातगाड्या शेजारून जाणार नाहीत अशी एक गल्ली आहे. तिथे काकूंचं दुकान. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, चिवडा. पुढे दुकान, मागे भट्टी. गिऱ्हाईक म्हणजे आमच्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेली मराठी घरं, आणि कारखान्याच्या वसाहतीत महाराष्ट्रातून बदली होऊन आलेली माणसं. मी लहानपणापासून त्या दुकानात जाते. काका तागडीपाशी असायचे. उंच होते आणि दुकानाची चौकट ठेंगणी, त्यामुळे दिवसातून एकदा तरी त्यांचं डोकं आपटायचं आणि आतून काकू ओरडायच्या, "लागलं का परत?"

काही वर्षांपूर्वी काका बेतवेकाठच्या एरच गावी गेले. दर वर्षी नवी हरभऱ्याची डाळ यायच्या दिवसांत जायचे, तिकडच्या ओळखीच्या शेतकऱ्यांकडून माल ठरवून संध्याकाळच्या बसनं परत यायचे. त्या दिवशी निघताना उंबऱ्यातून म्हणाले, "जातो."

आमच्यात 'जातो' कुणी म्हणत नाही. कोपऱ्यावरून दूध आणायला निघालेलं माणूससुद्धा 'येतो' म्हणून निघतं. माझी मुलगी हिंदीत वाढली. ती दारातून "आई, जाते हं" असं ओरडते, तर मी तिला पायऱ्यांवरून परत बोलावते आणि 'येते' म्हणायला लावते. ती म्हणते, मम्मी, यू आर टू मच. असेन. काकूंनीही त्या दिवशी हातातलं पीठ झटकत बाहेर येऊन हाक मारली होती, "अहो, येतो म्हणा!" पण ते वळणापर्यंत पोचले होते. त्यांनी वळून पाहिलं, हात केला आणि गेले.

संध्याकाळची बस त्यांच्याशिवाय आली. दुसऱ्या दिवशी तिथल्या बेतवेच्या घाटावर त्यांच्या चपला सापडल्या. देवळात शिरताना काढाव्यात तशा, शेजारी शेजारी. नदीला त्या दिवसांत फार पाणी नव्हतं. नावाड्यांनी शोधलं, पोलिसांनी शोधलं, काही हाती लागलं नाही. भांडण झालं होतं का, असं मी एकदा धीर करून काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "भांडण झालं असतं तर बरं होतं गं. मग कारण तरी असतं."

वर्ष उलटल्यावर ग्वाल्हेरचे दीर-जाऊ येऊन बसले. किती दिवस असं चालवायचं, विधी करून घेऊ, म्हणाले. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "आता बांगड्या वाढवाव्यात."

हा शब्द आमच्या घरांतून फार जपून वापरला जातो. अशुभ ते तोंडातून काढायचं नाही, म्हणून त्याच्या उलटं बोलायचं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. आणि दुकान तर कधीच बंद करायचं नाही. काका रोज रात्री फळीवरचा दिवा काढून शटर ओढायचे आणि आत सांगायचे, "दुकान वाढवलं हो." गल्लीतले जुने हिंदीवाले दुकानदारही तसंच म्हणतात, दुकान बढ़ा दी. म्हणजे आवरलं, मिटवलं.

काकूंनी जावेला सांगितलं, "या घरात मी काहीही वाढवणार नाही." आणि त्या दिवसापासून तो शब्दच त्यांनी तोंडातून काढून टाकला. रात्री शटर ओढायच्या ते मुकाट्यानं.

त्यांच्याकडे पुरावा एकच होता. दुकानाच्या कुलपाला दोन किल्ल्या. एक काकूंच्या कमरेला. दुसरी, लाल नाडा बांधलेली, काकांच्या सदऱ्याच्या खिशात असायची. ती त्यांच्याबरोबर गेली होती. "परत यायचं नसेल तर माणूस किल्ली ठेवून जातं," काकू म्हणायच्या. "ते घेऊन गेलेत. मग?"

तर वेबसाइट त्यासाठी हवी होती. काका मोबाइल फार बघायचे. जिथे असतील तिथे बघत असतील, दुकानाचं दिसलं तर वाचतील, वाचलं तर येतील. एवढं सरळ. मला राग आला, आणि राग आला की मी नको ते बोलते.

"काकू, ही वेबसाइट आहे. हरवलेल्या माणसाची जाहिरात नाही."

"तूच म्हणालीस ना, एकाच माणसासाठी लिहायचं? मग लिही की. का नुसतंच शिकवतेस लोकांना?"

दुसऱ्या दिवशी वही-पेन न घेताच गेले आणि भट्टीपाशी पाटावर बसले.

काकू बोलत होत्या, मी मोबाइलवर टिपत होते. पहिलं वाक्य पान न सरकवता दिसलं पाहिजे, ते सगळ्यात ओळखीचं हवं, असं मी सांगितलं. त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "लिही, आत येताना डोकं सांभाळा, चौकट अजून ठेंगणीच आहे." पुढे, भाजणी त्याच कढईत भाजतो, कढईचा एक कान तुटका आहे, तो डागून घेतलेला नाही. हिंगाचा डबा वरच्या फळीवरच आहे. मी म्हटलं, अहो काकू, हिंगाचा डबा कुठे आहे याच्याशी गिऱ्हाइकाला काय करायचंय! त्या म्हणाल्या, गिऱ्हाइकाला नाहीच करायचंय. पानाच्या शेवटी वाचणाऱ्यानं काय करावं ते सांगायचं असतं, मागवा, फोन करा, असं काहीतरी, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी सांगितलं, "आजच या."

इलाइट चौराह्याजवळ एका जिन्याखालच्या खोलीत एक गृहस्थ बसतात, ते मला वेबसाइट उभ्या करून देतात. मी त्यांना भैया म्हणते. त्यांनी मजकूर वाचला आणि म्हणाले, "दीदी, ये कुछ अजीब है. पर अच्छा है." मराठी आणि हिंदी, दोन्हीत पान लागलं.

पान किती जणांनी, कुठून, किती वेळ वाचलं, हे मालकाला दिसायची सोय असते. काकूंना ते जमत नव्हतं, म्हणून मी बघायचे. झाशी, ग्वाल्हेर, पुणे, इंदूर. लोक येत होते आणि चक्क वाचत होते. आणि एक दिवस त्यात एरच दिसलं.

मी भैयांना विचारलं. ते हसले. "टॉवर का चक्कर है, दीदी. आदमी कहीं होता है, दिखाता कहीं और है." खरंय. मी स्वतः घरात बसलेली असताना मला लखनऊत दाखवतं. मी काकूंना काही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा एरच. तिसऱ्या दिवशीही. कुणीतरी रोज त्याच वेळी यायचं, जी काकांची शटर ओढायच्या आधी जमाखर्च आवरायची वेळ, पान वरपासून खालपर्यंत वाचायचं आणि काही न मागवता, फोन न करता निघून जायचं.

शेवटी मी सांगितलंच. मला वाटलं, काकू रडतील. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि विचारलं, "किती वेळ थांबले?"

तिथून पुढचे दिवस आठवले की आजही अंगावर काटा येतो. आम्ही त्या पानावर रोज काहीतरी नवं लिहू लागलो आणि संध्याकाळी बघू लागलो. कढईबद्दल लिहिलं, तो थांबला. समोरच्या कडुनिंबाची फांदी तोडली हे लिहिलं, फार वेळ थांबला. एकदा काकूंना ताप होता, तेव्हा मी आपल्या मनानं मसाल्याबद्दल दोन ओळी लिहिल्या, की आधी धणे भाजून घेतो आणि मग बाकीचं. त्या संध्याकाळी तो आला आणि तसाच परत गेला. काकूंना सांगितलं तर अंथरुणात उठून बसल्या. "अगं, धणे शेवटी! आधी खोबरं. त्यांना चिडच येते उलटं केलं की." मी ओळ नीट केली. दुसऱ्या दिवशी तो शेवटपर्यंत वाचून गेला.

मी शिकलेली बाई आहे. टॉवरचा चक्कर मला कळतो. पण घरी एकटी टाइप करत असताना मला वाटायला लागलं की कुणीतरी माझ्या खांद्यावरून वाचतंय आणि चुकीचा शब्द लिहिला की श्वास सोडतंय. मी भ्याले होते, सरळ सांगते. दिवेलागणीला खोलीतले सगळे दिवे लावून बसायचे. आणि तरी त्या वेळेची वाटही बघायचे.

गंमत म्हणजे गिऱ्हाईक धो धो वाढलं. हिंगाचा डबा वाचून लोक यायचे! वसाहतीतल्या बायका आत शिरताना मुद्दाम वाकायच्या आणि चौकटीला हात लावून हसायच्या. पार्सलं पुण्या-नागपूरला जाऊ लागली. काकूंना माल ठेवायला जागा पुरेना, तेव्हा त्यांनी शेजारचा रिकामा गाळा घेतला आणि मधली भिंत काढली. मी म्हटलं, काकू, बघा, एकासाठी लिहिलं की सगळे वाचतात. त्या म्हणाल्या, "सगळ्यांचं राहू दे. तो आज आला होता का?" काकांना 'तो' म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

भिंत काढली त्याच आठवड्यात भैयांना उत्साह आला. मला न विचारता त्यांनी पानाच्या डोक्यावर एक लाल पट्टी टाकली. हिंदीत, हमने दुकान बढ़ा दी है! आणि खाली, कुठल्यातरी यंत्रातून काढून, मराठीत: आम्ही दुकान वाढवलं आहे! दोन्हीकडे फुगे.

मी ती दिवेलागणीनंतर पाहिली. आधी एवढंच वाटलं की फुगे कशाला. मग पुन्हा वाचलं आणि 'वाढवलं'पाशी अडकले. आकडे उघडले. एरचचा वाचक आला होता. आला, आणि लगेच गेला होता.

भैयांना मी फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते बिचारे गडबडले. "अरे दीदी, दुकान बड़ी हुई तो बढ़ा दी ही तो कहेंगे ना?" मग हळू आवाजात म्हणाले, "अम्मा कहती थीं ऐसा. दुकान बढ़ा दी, मतलब बंद. हे राम." पट्टी त्यांनी तिथल्या तिथे काढली.

पण पुढच्या संध्याकाळी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी काकूंना खोटं सांगितलं, की आकडे उशिरा येतात. मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

त्यानंतर एका सकाळी काकूंचा फोन आला. "ये गं जरा." एवढंच. मी होते तशी निघाले.

शटर अर्धं वर होतं. काकू आतल्या बाजूला जमिनीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर किल्ली होती. शटरच्या खालच्या फटीतून आत सरकवलेली, लाल नाड्याची. नाडा ओला होता. मी किल्ली हातात घेतली, तिच्या दातांमध्ये बारीक वाळू अडकलेली होती. मी उठून कुलपात घालून पाहिली. कुलूप उघडलं.

"परत केली," काकू म्हणाल्या. "त्यांना वाटलं मी दुकान वाढवलं. मग किल्लीचं काय काम? ठेवून गेले." त्या रडत नव्हत्या, आणि ते मला रडण्याहून वाईट वाटलं. मग त्यांनी विचारलं, "तो शब्द मी नाही ना म्हटला? या घरात मी नाही ना म्हटला?"

मी खूप काही बोलले. कुणाला तरी सापडली असेल, कुणीतरी चेष्टा केली असेल. पण कुणाला सापडली, तर हेच दुकान कसं कळलं? गल्लीत कुणी काही पाहिलं नव्हतं. समोरचा चहावाला म्हणाला, पहाटे पाऊस नव्हता, पण तुमच्या पायरीवर पाणी होतं. मी त्याला गप्प बस म्हटलं.

काकू उठल्या. शटरच्या बाहेर, भिंतीत, तोरण लावायचा एक जुना खिळा होता. त्यावर त्यांनी किल्ली अडकवली.

"अहो काकू, काय करताय! कुणीही उघडून आत शिरेल."

"त्यांची आहे ती. आले तर आत कसे यायचे?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू बस आणि लिही. दुसरं काही नको. दुकान उघडं आहे, एवढंच लिही. सगळ्यात वर."

धंद्याच्या हिशेबानं ती फालतू ओळ होती. उघडं आहे म्हणजे काय, दुकान उघडंच असतं. पण मी तिथेच पायरीवर बसून लिहिली.

आठवडा गेला. किल्ली दिवस-रात्र बाहेर टांगलेली असायची. मी रोज सकाळी कामाला लागायच्या आधी तिकडून एक फेरी मारायचे. दीरांचा फोन आला होता, त्यांना कुणीतरी कळवलं होतं. म्हणाले, किल्ली मिळाली ना, आता तरी ऐका. काकूंनी फोन ठेवून दिला आणि डाळ निवडायला घेतली. त्यांच्या बांगड्या वाजत होत्या, त्या आवाजाकडे माझं लक्ष जायचं.

आणि एके दिवशी मी वळणावरून पाहिलं तर खिळ्यावर काही नव्हतं.

मी धावत जाऊन काकूंना हाक मारली. कुलूप जसंच्या तसं होतं. काकूंनी त्यांच्या किल्लीनं उघडलं. आत काहीही हललेलं नव्हतं, तागडी, पिंपं, सगळं जागच्या जागी. गल्ला शाबूत. चोराचं काम नव्हतं. काकूंनी रिकाम्या खिळ्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. मला दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. मला जाणून घ्यायचंच नव्हतं.

त्या दिवशी मी तिथेच थांबले. दिवेलागणीला काकूंनी फळीवरचा दिवा लावला. मी मोबाइल उघडून बसले होते. आकडे आले. झाशी, पुणे, नागपूर. आणि एरच. तो वरपासून वाचत होता. डोकं सांभाळा, कढई, कडुनिंब, हिंगाचा डबा. बराच वेळ झाला तरी निघेना.

"आहे?" काकूंनी विचारलं.

"आहे."

त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. पडद्यावर काय लिहिलंय ते त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, तरी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "खाली ते 'आजच या' आहे ना, ते काढ. किती वर्षं घाई करते आहे मी त्यांना."

"मग काय लिहू?"

"किल्ली आहे आता त्यांच्याकडे," त्या म्हणाल्या. "लिही, सावकाश या."